वहीतली विहीर

आमचे सायन्सचे मास्तर वारले तेव्हा सौंसरात दुकानं बंद ठेवली होती. मला निरोप आला, जुनी विद्यार्थिनी म्हणून शोकसभेत दोन शब्द बोला. मी कळवलं, माझ्याजवळ दोनच शब्द आहेत अन ते सभेत चालायचे नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तो माणूस जिवंत होता तेव्हा बोलायची माझी छाती झाली नाही. मग आता नाही बोलायचं तर कधी?

मी तेव्हा मॅट्रिकला होते. थोड्याच दिवसांआधी राज्यांची वाटणी झाली होती. नागपूर तिकडे मुंबईच्या राज्यात गेलं अन आम्ही मराठी बोलणारे इकडे भोपाळच्या राज्यात राहिलो. मोठी माणसं यावर हॉटेलात चहा थंड होईपर्यंत भांडत. आमच्या वर्गात त्याचा एवढाच परिणाम झाला की सायन्सचं पुस्तक हिंदीत आलं. मास्तर हिंदीत एक परिच्छेद वाचत, मराठीत 'समजलं ना' म्हणत अन पुढचा परिच्छेद धरत. समजलं नाही, असं म्हणायची सोय दोन्ही भाषांत नव्हती.

माझं गाव तिगावच्या पलीकडं. तिथं हायस्कूल नव्हतं, म्हणून बाबांनी मला सौंसरला आत्याकडे ठेवलं. ठेवताना अट घातली. पहिल्या झटक्यात मॅट्रिक झाली तर पुढचं पाहू. नापास झाली किंवा कोणत्याही कारणानं यंदा परीक्षेला बसली नाही, तर लग्न. मुलगासुद्धा पाहून ठेवला होता, पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या दलालाचा. मुलगा वाईट नसेल, कोण जाणे. मला परीक्षेला बसायचं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. विधवा, मूलबाळ नाही. रामाकोन्याच्या रस्त्याला तिची चार एकर कोरडवाहू जमीन होती, ती एकटीनं करायची. तिला अक्षरओळख नव्हती पण विचारायची खोड जबर होती. मी शाळेतून आले की चुलीपुढून तिचं सुरू. "तुमच्या पुस्तकात काय लिवलं आहे, साबणानं मळ काहून निंघते? राखेनंबी निंघते ना, मंग राखेत साबण असते काय?" मला उत्तर आलं नाही की म्हणायची, "मंग पाह्य ना करून. हात मोडले काय तुहे?" मला विचार करायला कोणी शिकवलं असेल तर ह्या बाईनं शिकवलं. मास्तरांचं त्यात काडीचं देणं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण शोकसभेत नेमकं उलटं बोलल्याचं ऐकलं.

मास्तर काय शिकवायचे ते सांगते. आमच्या शाळेत प्रॅक्टिकलची वही आधी लिहिली जायची अन प्रयोग नंतर व्हायचा, झाला तर. वरच्या वर्गातून उतरत आलेली एक जुनी वही होती, तिच्या कडा तेलकट झालेल्या. ती सगळ्या वर्गात फिरायची. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं तिच्यातून उतरवायचं. ती वही कोणीतरी वैशाखात लिहिली असावी. आम्ही पौषात स्वेटर घालून, बोटांवर फुंकर मारत तिच्यातून उतरवत होतो, 'खोलीचे तापमान एकशे आठ अंश फॅरनहाइट.' चाळीस वह्यांत एकशे आठ. मी कपाटातला थर्मामीटर मागून घेतला, पाहिला अन सदुसष्ट लिहिलं. मास्तरांनी लाल शाईनं सदुसष्ट खोडून एकशे आठ केलं अन खाली सही ठोकली. म्हणाले, "परीक्षक बाहेरून येतो. सगळ्यांचं सारखं असलं की त्याला त्रास होत नाही."

पुढं मीही जन्मभर सायन्सच शिकवलं. उतरवून आणलेल्या वह्या मी खिडकीतून बाहेर फेकल्या आहेत. आईबाप भांडायला यायचे, येऊ दे. पण ते राहू द्या.

मास्तरांचं दुसरं रूप रविवारचं. ते पाणी पाहायचे. आमच्याकडे तेव्हा ज्याला त्याला संत्र्याचं वेड लागलं होतं अन संत्र्याला विहीर लागते. शेतकरी बैलगाडी घेऊन मास्तरांना न्यायला यायचे. मास्तर शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवत अन शेतातून सावकाश फिरत. एका जागी नारळ आपोआप उभा राही. तिथं दगड रोवायचा, पूजा करायची, खोदायचं. पाणी पाहणारे आमच्या भागात पुष्कळ होते, पण हे हायस्कुलातले सायन्सवाले. लोक म्हणायचे, बाकीचे अंदाज करतात, मास्तर सायन्सनं सांगतात. पाणी लागलं तर मास्तरांचं नाव. नाही लागलं तर नारळ शिळा होता, नाहीतर मजुरांनी खोदणं अर्ध्यात सोडलं, नाहीतर कोणत्या तरी बाईचा विटाळ झाला. मास्तर चुकले, असं कधीच व्हायचं नाही.

आत्यालाही संत्रं लावायचं होतं. गेल्या पावसाळ्यात तिनं साठ कलमं लावून टाकली होती. विहीर नव्हतीच. शेजारच्या विहिरीवरून घागरीनं पाणी आणून ती एकेका रोपाला घालायची. उन्हाळ्याच्या आत विहीर झाली नाही तर कलमं जाणार, हे तिलाही दिसत होतं. सगळे म्हणत, मास्तरांना बोलाव. आत्यानं मला विचारलं, "नारळाले पाणी कसं समजते? तुहं सायन्स काय म्हणते?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मंग पाह्य ना," आत्या म्हणाली. "मी थांबते. तू सांगशीन तसं करू."

त्याच सुमाराला नव्या राज्याकडून शाळेत एक कागद आला होता. विद्यार्थ्यानं स्वतःच्या मनानं एक प्रश्न निवडावा, स्वतः निरीक्षण करावं, स्वतः निष्कर्ष काढावा अन तो शेवटचा प्रयोग म्हणून वहीत लिहावा. मास्तरांनी तो कागद नाक मुरडून वाचला. मग फळ्याकडे वळले अन म्हणाले, "घ्या लिहून. स्वतःच्या मनानं निवडलेला प्रयोग: संत्र्याच्या रसाची लिटमसवर परीक्षा." चाळीस जणांनी स्वतःच्या मनानं तोच प्रयोग निवडला. मी तेवढं पान कोरं ठेवलं.

मी विहिरी पाहिल्या. दर रविवारी मी आत्याबरोबर शेतात जायची अन तिथून बांधाबांधानं फिरायची. प्रत्येक विहिरीवर तीनच गोष्टी विचारायच्या. जागा कोणी सांगितली, जमीन कशी आहे, चैतात पाणी टिकते काय. लोक हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "पोट्टी, तू तहसीलदाराची माणूस हायेस काय वं? शेतसारा वाढवून राहिले काय?" पण सांगायचे. एकोणीस विहिरी झाल्या. काही मास्तरांच्या नारळानं खोदलेल्या, काही कोणालाच न विचारता खोदलेल्या. ह्या दुसऱ्यांकडे कोणी लक्षच देत नव्हतं, तिथंच सगळी गोम होती. घरी येऊन मी चौकटी आखल्या अन दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. आत्याला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, आधी मास्तरांची सही होऊ दे, मग पक्कं सांगू. ही माझी पहिली चूक.

वहीत मी असं लिहिलं: नाल्याच्या अंगच्या सगळ्या विहिरींना पाणी आहे, नारळ फिरवलेल्या अन न फिरवलेल्याही. वरच्या बरडी, मुरमाड जमिनीतल्या एकाही विहिरीला पुरेसं पाणी नाही, नारळ फिरवलेल्या अन न फिरवलेल्याही. म्हणून नारळाचा पाण्याशी संबंध दिसत नाही. सरांनी एकदा डोळे बांधून, आधी दाखवलेलीच जागा परत दाखवली तर अधिक खात्री होईल.

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. खोटं कशाला सांगू, मी त्या रात्री वेणी घालताना मास्तर काय बोलतील त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मास्तरांनी ते भर वर्गात वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अगदी शांतपणे. मग वर्गाला विचारलं, "नारळ उभा राहतो की नाही?"

"राहतो सर," चाळीस जण म्हणाले.

"पाणी लागतं की नाही?"

"लागतं सर."

"झालं मग," मास्तर म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी मला डोळे बांधायला सांगते. घरी जाऊन बापाचे बांध." वर्ग पोट धरून हसला. माझ्या बाकावरची दुसरी मुलगी, वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, तीही हसली. तिला मी आजपर्यंत माफ केलेलं नाही.

शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला बोलावलं. वही त्यांच्याच टेबलावर होती. परीक्षेचे फॉर्म महिन्याभरात जाणार होते अन प्रॅक्टिकलच्या वहीवर सही नसेल त्याचा फॉर्म जात नव्हता, हे मलाही माहीत होतं अन त्यांनाही. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "ही पानं फाड. त्याच जागी परत लिही. उद्देश: नारळाच्या साहाय्यानं भूमिगत जलाचा शोध. निष्कर्ष: नारळ उभा राहतो त्या जागी पाणी असते. तुझ्याच अक्षरात. मग सही."

मी म्हटलं, "सर, पण विहिरी..."

"विहिरी परीक्षेला बसत नाहीत," मास्तर म्हणाले.

मी आठ दिवस लिहिलं नाही. बाबांना पत्र पाठवलं. त्यांचं उलट उत्तर आलं, मास्तरांच्या पाया पड अन काम संपव, पाहुण्यांनी परत निरोप धाडला आहे. पाहुणे म्हणजे ते दलाल. नवव्या दिवशी मी पानं फाडली. फाडताना टाके सुटले, म्हणून वही परत शिवावी लागली. मग मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक मथळ्याखाली रेघ मारून. नारळ उभा राहतो त्या जागी पाणी असते. मास्तरांनी सही केली, पण वही परत दिली नाही. म्हणाले, फॉर्म जाईपर्यंत माझ्याजवळ राहू दे.

घरी आत्या विचारायची, "काय निंघालं मंग तुहं?" मी म्हणायची, अजून पाहून राहिले. रोज एक घागर डोक्यावर अन एक कमरेवर घेऊन ती शेजारच्या विहिरीवरून येत होती अन मी पाहून राहिले म्हणत होते. नीट सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. आत्या, खालच्या कोपऱ्यात नाल्याजवळ खोद. एवढंच. पण आत्याच्या पोटात काही राहायचं नाही. ती विहिरीवर बोलणार, विहिरीवरून ते मास्तरांकडे जाणार अन माझा फॉर्म फडताळात राहणार. म्हणून गप्प बसले. फॉर्म गेला की सांगू, असं ठरवलं होतं. दिवस मोजले होते मी.

मास्तरांनी तेवढे दिवस दिले नाहीत. एका रविवारी सकाळी ते स्वतःच आमच्या दारात आले, नव्या कोऱ्या बुटात, बगलेत माझी वही. आत्यानं ओसरीवर चटई टाकली, चहा दिला. ते म्हणाले, "बाई, सगळ्या सौंसरानं मला बोलावलं, तुम्हीच तेवढ्या थांबल्या. काही शंका आहे का?"

"शंका नाही गुरुजी," आत्या म्हणाली. "आमची पोरगी पाहून राहिली होती. तिचं होऊ द्या म्हटलं."

"तिचं झालं," मास्तर म्हणाले अन वही उघडून आत्यापुढं धरली. आत्याला वाचता येत नव्हतं. तरी तिनं पदराला हात पुसून वही हातात घेतली अन माझं अक्षर पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय लिवलं आहे वं तू?"

मास्तर चहाची बशी तोंडाला लावून माझ्याकडे पाहत होते. त्यांना माझी भीती अजिबात वाटत नव्हती. मी म्हटलं, "नारळ उभा राहते तिथं पाणी असते."

"तू पाह्यलं?"

"हाव."

तिनं वही मिटून मास्तरांना परत दिली. उठून नारळ घेतला अन चपला घातल्या. ह्यात मास्तरांचा दोष किती अन माझा किती, हे मी पुष्कळदा वाटून पाहिलं आहे. सहीसाठी वहीत खोटं लिहायला लावलं मास्तरांनी. पण 'हाव' त्यांनी म्हणायला लावलं नव्हतं, ते माझ्या तोंडातून गेलं.

शेतात मास्तर वरच्या अंगाला फिरले, रस्त्याच्या कडेकडेनं. खाली नाल्याजवळ चिखल होता अन त्यांचे बूट नवे होते, असं मी आजही म्हणते अन कोणी खोडून दाखवावं. बरडीवर, रस्त्यापासून वीस पावलांवर नारळ उभा राहिला. मी त्यांच्या मनगटाकडे पाहत होते. मनगट आधी हललं, नारळ नंतर. आत्या नारळाकडेच पाहत होती. तिनं हात जोडले.

फॉर्म गेला. माघापासून विहीर सुरू झाली. वरचा मुरूम निघाला, मग पिवळी माती, मग खडक. सुरुंग लावले. मी परीक्षेला जायची तेव्हा सकाळी आत्या दही हातावर ठेवायची अन म्हणायची, "आज ओल दिसली त तुहा पेपर चांगला जाईन." ओल दिसली नाही. चैत संपेपर्यंत चाळीस हात झाले, खाली काळाकुट्ट पाषाण अन मजुरांच्या अंगावर कोरडी धूळ. मजुरांनी हात टेकले. आत्यानं कंबरेला पदर खोचून स्वतः खाली उतरून पाहिलं अन हाताची धूळ झटकत वर आली.

मास्तरांना बोलावणं गेलं. ते काठावर उभे राहिले, आत खडा टाकला, ठक्क आवाज आला. म्हणाले, "पूजेचा नारळ कोणी फोडला?"

"मीच," आत्या म्हणाली. "दुसरं कोण आहे मले?"

"तिथंच घोळ झाला," मास्तर म्हणाले. "विधवा बाईच्या हातानं फोडायचा नसतो. मला आधी विचारलं असतं तर." आत्याचं तोंड एवढंसं झालं. चार माणसं उभी होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच होते. माझी परीक्षा झाली होती, आता मास्तर माझं काही वाकडं करू शकत नव्हते. तरी मी बोलले नाही. तोवर गप्प बसायची सवय लागून गेली होती.

वैशाखात शेजाऱ्यानं पाणी द्यायचं बंद केलं, त्याच्याच विहिरीनं तळ गाठला होता. साठातली दोन-चार कलमं हिरवी राहिली असतील. बाकीची आत्यानं एका दुपारी उपटली अन मोळी बांधून घरी आणली. चुलीत घातली तेव्हा घरभर संत्र्याच्या पानांचा वास झाला.

निकाल ज्येष्ठात लागला. मी पास झाले, वर्गात दुसरी. सायन्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांत जास्त मार्क माझेच होते. बाबा तिगावहून आले, दलालांना नाही म्हणून कळवलं, मला नागपूरला कॉलेजात घालायचं कबूल केलं. ते गेल्यावर आत्या परातीत कणीक भिजवत बसली होती. मी समोर बसले अन सगळं सांगून टाकलं. एकोणीस विहिरी, फाडलेली पानं, सही, फॉर्म. मला वाटलं, ती मास्तरांना शिव्या देईल. द्यावी, अशीच माझी इच्छा होती. दोघी मिळून दिल्या असत्या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे पाणी खाली नाल्यापाशी आहे, हे तुले मालूम होतं?"

मी म्हटलं, "हो."

"वहीत खोटं लिवलं त लिवलं," आत्या म्हणाली. "ते मास्तरासाठी होतं, त्याची सही पाहिजे होती. मी कुठी तुह्यी सही अडवून ठेवली होती? मी त घरातच होती."

 तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले अन सकाळच्या भाकरीचं ताट वाढून माझ्यापुढं सरकवलं.